‘कलिनरी’ म्हणजे पाककला नव्हे, भटारखाना!

प्रश्न असा आला आहे : लास वेगासच्या ‘कलिनरी वर्कर्स युनियन’चा इतिहास मराठीत लिहितो आहे. नावाचे भाषांतर ‘पाककला कामगार संघटना’ असे केले, तर चालेल का? तिने केलेल्या लढ्याला संप म्हणावे की हरताळ?

नाही चालणार. ‘कलिनरी’ दिसले की ‘पाककला’ चिकटवायची ही खोड आता पुरे झाली. पाककला म्हटले की मराठी माणसाला स्पर्धा आठवते, परीक्षक आठवतात, सजवलेली ताटे आठवतात. युनियन आठवत नाही. आणि ही युनियन आहे कोणाची ते तरी पाहा. १९३५ साली सनद मिळालेली ही लोकल २२६, म्हणजे राष्ट्रीय संघटनेची २२६ क्रमांकाची स्थानिक शाखा. आज तिचे सुमारे ६०,००० सभासद आहेत. त्यांत आचारी आहेतच, पण भांडी घासणारे आहेत, वेटर आहेत, सामान उचलणारे आहेत, धुलाईखान्यातले आहेत आणि फार मोठ्या संख्येने खोल्या आवरणाऱ्या बाया आहेत. जुगाराच्या टेबलावर पत्ते वाटणारे डीलर मात्र नाहीत. १९९० मध्ये हॅटी कँटी अध्यक्ष झाल्या. त्या अलाबामातून आलेल्या कृष्णवर्णीय विधवा, दहा मुलांची आई, आणि मॅक्झिम हॉटेलात खोल्या आवरणाऱ्या. जड गादी एका हाताने उचलून दुसऱ्या हाताने चादरीचे कोपरे खाली दुमडायचे, मग पुढची खाट, पुढची खोली. या बाईला ‘पाककला कामगार’ म्हणणार?

आता शब्दाकडे. ‘कलिनरी’च्या मुळाशी लॅटिन ‘कुलिना’ आहे. कुलिना म्हणजे स्वयंपाकघर, आणि स्वयंपाकाची चूलसुद्धा. याच कुलिनापासून इंग्रजीत ‘किल्न’ आला, म्हणजे विटांची, चुन्याची भट्टी. एकाच शब्दाची दोन लेकरे, एक हॉटेलात आणि एक वीटभट्टीवर! मला यात अपार आनंद वाटतो, कारण नेमकी हीच गोष्ट आपल्याकडेही घडली आहे आणि आपले लक्ष नाही. हॉटेलच्या स्वयंपाकघराला आपण काय म्हणतो? भटारखाना. आणि भटारखान्याच्या पोटात आहे भट्टी.

इथे लगेच काही विद्वान हात वर करतात : भटारखाना ‘भट’ या शब्दावरून आला, पूर्वी स्वयंपाकाला भट असत. ही व्युत्पत्ती इतक्यांदा ऐकली आहे की आता राग येतो. भटापासून निघाला, तर मधला ‘आर’ कुठून आला? तिथे ‘आगार’ आणावे, तर पुढे पुन्हा ‘खाना’ कशाला? नुसत्या कानाला गोड लागले म्हणून व्युत्पत्ती होत नाही. मुदपाकखान्यात ‘पाक’ ऐकू येतो म्हणून तो संस्कृत ठरवणारे हेच लोक. तो शब्द अरबी ‘मतबख’, म्हणजे स्वयंपाकघर, फारसीतून आपल्याकडे येताना वळण घेतलेला. भांडी घासणारा ‘मसालची’सुद्धा मसाल्याचा नव्हे, तो मशाल धरणारा मशालची.

सरळ वाट अशी आहे. संस्कृत ‘भ्राष्ट्र’ म्हणजे भाजायचे पात्र. त्यापासून हिंदी भट्ठी, मराठी भट्टी. भट्ठीवरचा तो भठियारा, त्याची जागा भठियारखाना. हिंदीतला शेवटचा महाप्राण मराठीत सहज गळतो : भूख–भूक, हाथ–हात, झूठ–झूट. भट्ठीची भट्टी झालीच आहे, मग भठियाऱ्याचा भटारी व्हायला कसली अडचण? याच घराण्यात आपला भडभुंज्या आहे, आणि मूळ धातू पाहिला तर भाजणे, भाजी, भजी हीदेखील त्याच्या गोतावळ्यातली आहेत.

आणि खरी गंमत पुढेच आहे. उत्तरेतल्या सरायांमधला भठियारा नुसता रांधत नसे. वाटसरूला खाट द्यायची, पाणी द्यायचे, जेवण रांधायचे, सारे त्याच्या कुटुंबाकडे. बायका या कामात बरोबरीने असत, म्हणून भठियारिन हा शब्दही तितकाच रुळलेला. म्हणजे भट्टीचे नाव धारण करून खाटा घालणारी माणसे! लास वेगासमध्येही तेच. नाव स्वयंपाकघराचे आणि सभासद खोल्या आवरणारे. मुक्कामाला आलेल्या परक्यांची सोय हा धंदा, पण दोन्हीकडे त्याचे नाव चुलीवरून पडले, अंथरुणावरून नाही. खाटेवाचून रात्र निघते, चुलीवाचून निघत नाही. म्हणून ‘आदरातिथ्य क्षेत्रातील कामगार’ ही सरकारी छापाची रचनाही मला नको वाटते. तिच्यात ना चूल आहे, ना खाट, ना घाम.

तेव्हा नाव ‘कलिनरी युनियन’ असेच ठेवा. तिथले लोक नुसते ‘द कलिनरी’ म्हणतात. पहिल्या उल्लेखात ‘हॉटेल कामगारांची संघटना’ एवढा खुलासा पुरे. ज्या राष्ट्रीय संघटनेची ही शाखा, ती १८९१ मध्ये वेटर आणि बारटेंडर यांच्या नावाने सुरू झाली होती, हे लिहिले तर वाचकाला नावांचा प्रवासही दिसेल.

राहिला संप की हरताळ. निःसंशय संप. हरताळ म्हणजे हट्ट (बाजार, दुकान) अधिक ताळ (कुलूप), दुकानाला लावलेले टाळे. ते दुकानदार लावतो. (‘नियमांना हरताळ फासला’ यातला हरताळ वेगळा. तो पिवळा हरिताल, पोथीतले चुकलेले अक्षर झाकायला लावत तो. दोन्हींची गल्लत रोज छापून येते.) तुमच्या लेखात फ्रंटियर हॉटेलचा लढा येणारच. २१ सप्टेंबर १९९१ ला साधारण ५५० कामगार बाहेर पडले आणि ६ वर्षे, ४ महिने, १० दिवस रात्रंदिवस फाटकासमोर पहारा देत राहिले. त्यांच्यातला एकही जण संपकऱ्यांची ही पहाऱ्याची रांग ओलांडून कामावर परतला नाही, असे युनियन अभिमानाने सांगते. अखेर मालक बदलला, नव्या मालकाने करार केला आणि १९९८ च्या फेब्रुवारीत माणसे कामावर परतली. मात्र संपाच्या सगळ्या काळात आतला कॅसिनो चालूच होता. हरताळ लिहाल, तर तो सहा वर्षे बंद होता असे वाचक समजेल.