पॅराथायरॉईड हा थायरॉईडचा आणि अ‍ॅड्रिनल हा मूत्रपिंडाचा भाग असतो का? त्यांची संप्रेरके काय करतात?

नाही. दोन्ही नावे केवळ जागेवरून पडलेली आहेत. हा गैरसमज दूर झाल्याशिवाय या ग्रंथींचे कार्य नीट उमगत नाही, असे मला वाटते.

पॅराथायरॉईड, म्हणजे परावटू ग्रंथी, बहुधा चार असतात. अवटू ग्रंथीच्या, म्हणजे थायरॉईडच्या, मागील बाजूस चिकटलेल्या या ग्रंथी मसुराच्या दाण्याएवढ्या असल्यामुळे माणसाच्या शरीरातील त्यांचे सविस्तर वर्णन थेट १८८० साली, स्वीडनमधील इव्हार सँडस्ट्रॉम यांनी केले. अवटूच्या शस्त्रक्रियेत त्या चुकून काढल्या गेल्या, तर रक्तातील कॅल्शियम घसरते, ओठांभोवती मुंग्या येतात आणि हातापायांत पेटके येतात. त्यांचे परावटू संप्रेरक हाडांतून कॅल्शियम रक्तात आणते, मूत्रपिंडाकडून ते वाचवून घेते आणि ड जीवनसत्त्व सक्रिय करवून आतड्यातील शोषणही वाढवते. हाड विरघळताना कॅल्शियमबरोबर फॉस्फेटही सुटते. ते साचले तर कॅल्शियमला बांधून टाकेल, म्हणून हेच संप्रेरक मूत्रावाटे फॉस्फेट बाहेर घालवते. ही योजना मला फार विलक्षण वाटते. शिवाय या ग्रंथींना मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूष ग्रंथीच्या आदेशाची गरज नसते, कारण रक्तातील कॅल्शियमची पातळी त्यांच्या पेशी स्वतःच ओळखतात.

अ‍ॅड्रिनल, म्हणजे अधिवृक्क ग्रंथी, दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर असतात. उजवी साधारण त्रिकोणी, तर डावी चंद्रकोरीसारखी. खरे पाहता प्रत्येकीत दोन ग्रंथी एकत्र नांदतात. बाहेरच्या भागाच्या तीन थरांतून अनुक्रमे अल्डोस्टेरॉन, कॉर्टिसॉल आणि अँड्रोजेन (पुरुषी संप्रेरके) स्रवतात. आतला गाभा मात्र भ्रूणावस्थेत चेतासंस्थेच्याच मूळ पेशींपासून घडलेला असल्यामुळे चेतातंतूंचा संदेश मिळताच तो संकटात शरीराला सज्ज करणारे अ‍ॅड्रिनलिन रक्तात सोडतो. कॉर्टिसॉल पीयूष ग्रंथीच्या आदेशाने स्रवते; ते रक्तातील साखर टिकवते, दाह आवरते आणि गाभ्यात पोहोचून नॉरअ‍ॅड्रिनलिनचे अ‍ॅड्रिनलिन करणारे विकर (एन्झाइम) वाढवते. दोन्ही भाग एकत्र असण्याचा उपयोग येथे स्पष्ट दिसतो.

मूत्रपिंडाशी अधिवृक्काचे नाते केवळ शेजाराचे नाही, हेही सांगितले पाहिजे. रक्तदाब घटला की मूत्रपिंड रेनिन हे विकर सोडते, त्यातून पुढे अँजिओटेन्सिन हे संप्रेरक तयार होऊन अल्डोस्टेरॉन वाढते, आणि ते मूत्रपिंडालाच सोडियम राखून पोटॅशियम बाहेर टाकायला लावते.