वाचकांचे प्रश्न: चुंबकाच्या वेढ्यात झोत शिरतो कसा?

प्रश्न: टोकामॅक या संलयनाच्या (हलकी अणुकेंद्रकं जोडून ऊर्जा मिळवण्याच्या) यंत्रातला प्लाझ्मा, म्हणजे भारित कणांचा वायू, 15 कोटी अंशांपर्यंत तापवायचा असतो. कणांचा झोत सोडून त्याचं तापमान मोजतात असं वाचलं. पण मॅडम, प्लाझ्माला धरून ठेवणारं चुंबकीय क्षेत्र या झोतालाही वळवणार नाही का?
– बी.एस्सी. द्वितीय वर्षाची विद्यार्थिनी, अंबाजोगाई

उत्तर: भारित कणांचा असेल तर वळवणारच, पोरी. म्हणून झोत भाररहित अणूंचा ठेवतात. अडचण अशी, की भार नसलेल्या अणूला वेग देता येत नाही. फ्रान्समधल्या ‘इटर’ या मोठ्या टोकामॅकसाठी हायड्रोजनचा असा झोत भारत बनवतोय, गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेतली माणसं त्यात आहेत, आणि मला त्याचं फार अप्रूप आहे. आधी हायड्रोजनला जास्तीचा एक इलेक्ट्रॉन द्यायचा, त्या ऋण आयनाला (ऋण भाराच्या अणूला) 100 किलो इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेपर्यंत पळवायचं आणि मग वायूतून नेऊन तो इलेक्ट्रॉन काढून घ्यायचा. साधारण 60 टक्के आयन भाररहित होतात, उरलेले विद्युतक्षेत्रानं बाजूला काढतात. धन आयनांनी सुरुवात केली, तर इतक्या वेगात त्यांना इलेक्ट्रॉन पकडणं जड जातं.

आत गेल्यावर हायड्रोजन आपला इलेक्ट्रॉन संलयनातून तयार झालेल्या हेलियमच्या केंद्रकाला देतो. त्यातून 468.6 नॅनोमीटरचा निळा प्रकाश निघतो. वर्णपटात तो एका रेषेसारखा दिसतो. त्या रेषेच्या रुंदीवरून तापमान, सरकण्यावरून वेग आणि तेजावरून हेलियम किती साचलं ते कळतं. मी परभणीत वर्णपटाचं प्रॅक्टिकल घेते. सोडियम दिवा तापला, की मुली पिवळ्या रेषेवर क्रॉसवायर आणतात. ग्रेटिंग (प्रकाशाचे रंग वेगळे करणारी बारीक रेघांची पट्टी) चांगलं असेल तर तिथं दोन रेषा दिसतात, 0.6 नॅनोमीटर अंतरावर. आता डॉप्लरचं सूत्र (कणाच्या वेगामुळं प्रकाशाची तरंगलांबी किती बदलते ते सांगणारं) घेऊन 15 कोटी अंशांवरच्या हेलियमचं गणित कर: ती एकच निळी रेषा सुमारे 2 नॅनोमीटर रुंद होते!

झोताची ऊर्जा ठरवणं मात्र नाजूक काम. कमी ठेवली तर अणू कडेलाच आयन होतात, मध्यापर्यंत पोचत नाहीत. फार वाढवली तर इलेक्ट्रॉनची देवाणघेवाणच घटते. शिवाय प्लाझ्मा स्वतःही त्याच रंगात उजळतो, आणि तो उजेड या निळ्या रेषेपेक्षा कितीतरी जास्त असतो. म्हणून झोत सेकंदाला 5 वेळा चालू-बंद करायचं ठरलंय: झोत असतानाच्या प्रकाशातून नसतानाचा वजा करायचा.