आधी एक पावसाळा घरात काढ

प्रिय लेकी,

अनेक आशीर्वाद.

परवा तू ते पत्रक दाखवलंस तेव्हा घरात पाहुणे होते, म्हणून काही बोलले नाही. 'डाऊन पेमेंट शून्य, थेट स्वतःच्या घरात.' ते वाचताना तुझा चेहरा असा खुलला होता की त्या वेळी तोंडातून 'पण' काढवेना. रात्री मात्र झोप लागेना. सतरा वर्षं बँकेत कर्जाच्या टेबलावर बसलेय मी. तुझ्यासारखी कितीतरी मुलंमुली असंच पत्रक घेऊन समोर बसलेली आठवली, आणि त्यांतली काही तीन वर्षांनी हप्ते थकले म्हणून पुन्हा आलेलीही आठवली. तुझं तसं होऊ नये म्हणून हे पत्र. सावकाश वाच.

घर घेऊ नकोस असं मी म्हणणार नाही. घे, जरूर घे. पण बँकेला घराच्या पूर्ण किमतीएवढं कर्ज देताच येत नाही, हे आधी लक्षात घे. रिझर्व्ह बँकेचा नियम आहे: ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के, ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला ८० टक्के आणि त्यापुढे ७५. त्या किमतीत मुद्रांक शुल्क आणि नोंदणी धरत नाहीत. म्हणजे तुला आवडलेला ३० लाखांचा फ्लॅट घेतला तर बँक फार तर २७ लाख देणार. ३ लाख तुझे. घर बाईच्या नावावर म्हणून पिंपरी-चिंचवडमध्ये मुद्रांक शुल्क ७ ऐवजी ६ टक्के, म्हणजे १ लाख ८० हजार. नोंदणीचे ३० हजार. झाले ५ लाख १० हजार. एजंट, वकील, बँकेची फी आणि सोसायटीचं हस्तांतर शुल्क (ते २५ हजारांच्या वर घेता येत नाही, हे ध्यानात ठेव) धरून पावणेसहा लाख होतातच.

मग पत्रकातलं 'शून्य' येतं कुठून? मी पाहिलंय ते सांगते.

एजंट म्हणेल, 'ताई, करारनामा ३३ लाखांचा करू.' त्याच्या ९० टक्के २९ लाख ७० हजार. वरचे ३ लाख तू मालकाला दिलेस अशी पावती कागदावर होईल, हातात काहीच दिलं जाणार नाही. ऐकायला सोपं वाटतं. पण त्या करारनाम्यावर सही तुझी असते, आणि ती बँकेला खोटी माहिती देणारी सही असते. उद्या काही उलटलं तर एजंट समोर नसतो. शिवाय १८ हजार मुद्रांक शुल्क जास्त जाईल, आणि वाढलेल्या २ लाख ७० हजारांच्या कर्जाचा वीस वर्षं हप्ता फेडशील तो वेगळाच. याला नाही म्हण. विचार करून सांगते, असंही म्हणू नकोस, कारण तेवढ्यावर तो रोज फोन करेल.

बांधकाम चालू असलेल्या इमारतीत 'ताबा मिळेपर्यंत हप्ता नाही' असं सांगतात. तोवर व्याज बिल्डर भरतो म्हणे. पण कर्ज पहिल्या दिवसापासून तुझ्या नावावर असतं. बिल्डरने भरणं थांबवलं की बँक तुझं दार वाजवते. याच त्रासामुळे रिझर्व्ह बँकेने २०१३ साली बँकांना बांधकाम जसं पुढे जाईल तसेच पैसे सोडायला सांगितलं, आणि २०१९ साली राष्ट्रीय आवास बँकेने गृहवित्त कंपन्यांना असल्या योजनांपासून लांब राहायला सांगितलं. तू जुना फ्लॅट बघतेयस, म्हणून यावर जास्त लिहीत नाही.

तिसरी वाट सगळ्यांत जास्त चालते. गृहकर्ज एकीकडे, आणि वरच्या रकमेसाठी वैयक्तिक कर्ज. हिशेब मांडून दाखवते. २७ लाख, साडेआठ टक्के, वीस वर्षं: हप्ता २३ हजार ४३१. वरचे ५ लाख, चौदा टक्के, पाच वर्षं: ११ हजार ६३४. दोन्ही मिळून पस्तीस हजारांच्या वर. तुझ्या हातात ५२ हजार येतात, त्यातले आठ गावी आईला जातात. सोसायटीचा मेंटेनन्स, बस, गॅस, किराणा, औषधं या सगळ्याला नऊ हजार उरले. त्यात नळ गळला, तर प्लंबरला बोलवायचा की नाही याचा विचार करावा लागेल. नवं घर घेऊन ते दुरुस्त करायला चार पैसे नसणं फार वाईट. मी ते भोगलंय.

१९९७ साली आम्ही थेरगावात वन रूम किचन घेतलं. यांच्या कंपनीच्या पतसंस्थेचं कर्ज, माझ्या चार पाटल्या गहाण आणि उरलेलं गृहकर्ज, असं जमवलं. हातात एक पैसा न ठेवता घर घेतलं याचा तेव्हा केवढा अभिमान वाटायचा. वर आणखी उसने घेऊन, राहायला जायच्या आधीच एका सुताराकडून भिंतभर प्लायवूडचं कपाट करून घेतलं. मार्चमध्ये गृहप्रवेश झाला. जुलैत एक दिवस कपाट उघडलं आणि कुबट वास आला. साड्या बाहेर काढल्या तर मागच्या प्लायला हाताएवढे काळे डाग, आणि खालची फळी पाणी पिऊन फुगलेली, बोट लावलं की पापुद्रा सुटे. वरच्या मजल्यावरच्या बाथरूमचं पाणी भिंतीत उतरत होतं. रिकाम्या भिंतीवर ते मला पहिल्याच पावसात दिसलं असतं. आम्ही ती कपाटाने झाकून टाकली होती. कपाट तोडलं, वरच्यांशी वर्षभर वाद घातला, दुरुस्तीला पैसे नाहीत म्हणून दोन पाटल्या मोडल्या. त्या दोन परत कधी झाल्या नाहीत. तुझी आई परवा बांगड्यांबद्दल काहीतरी म्हणत होती. तिच्या हातातल्या बांगड्यांना हात लावू नकोस, एवढं माझं ऐक.

आता तुझ्या फ्लॅटकडे येते. तुझ्याबरोबर बघायला आले होते तेव्हा बाथरूमबाहेरच्या छताचा एक कोपरा ताज्या रंगाचा होता, बाकी छत जुनं, पिवळट. तू खिडकीतून दिसणारं गुलमोहराचं झाड बघत होतीस. मी स्टुलावर चढून हाताची मागची बाजू त्या कोपऱ्याला लावली. गार लागली. नखाने हलकंच टोकरलं तर रंगाखाली पुट्टी ओलसर होती. तिथे वरून पाणी येतंय. म्हणून घर सोडून द्यावं असं नाही. पण वरच्यांना भेट, मालकासमोर विषय काढ, आणि ते काम विकणाऱ्याच्या खर्चाने व्हावं किंवा किंमत तेवढी खाली यावी असं ठामपणे सांग. इमारत १९९४ची, म्हणजे तीस वर्षांच्या पुढची. सोसायटीकडे स्ट्रक्चरल ऑडिटचा, म्हणजे इमारत किती मजबूत आहे या तपासणीचा, अहवाल माग. सोसायट्यांसाठीच्या सरकारी आदर्श उपविधींप्रमाणे तीस वर्षांवरच्या इमारतीचं ऑडिट दर तीन वर्षांनी व्हायला हवं. अहवालच नाही म्हणाले तर मोठी दुरुस्ती पुढे येणार, वर्गणी तुझ्याकडूनही मागणार, हे गृहीत धर.

कागदांचं वकील बघतील, पण तूही बघ. पहिल्या मालकापासूनचे सगळे करारनामे साखळीसारखे जुळले पाहिजेत, मधला एकही गहाळ नको. इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयातला व्यवहाराचा उतारा), भोगवटा प्रमाणपत्र, शेअर सर्टिफिकेट, सोसायटीचं थकबाकी नसल्याचं पत्र, आणि तीस वर्षांचा शोध अहवाल, म्हणजे मालकी आणि बोजा तपासल्याचा वकिलाचा अहवाल. मालकाचं कर्ज चालू असेल तर मूळ कागद त्याच्या बँकेत असतील. अशा वेळी विसाराची रक्कम अगदी थोडी दे, आणि चेकनेच दे.

तुझ्याकडे आवर्ती ठेवीत आणि पीएफमध्ये मिळून ४ लाख ४० हजार आहेत, बरोबर? पीएफमधून घरासाठी पैसे काढता येतात, तुझ्या पोर्टलवर सध्या किती दाखवतं ते बघ. आता माझं ऐक. प्रधानमंत्री आवास योजना शहरी २.० मध्ये व्याजावर अनुदान आहे. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ९ लाखांपर्यंत, घराची किंमत ३५ लाखांपर्यंत, कर्ज २५ लाखांपर्यंत, आणि कुटुंबात कोणाच्याच नावावर देशात कुठेही पक्कं घर नको. गावचं घर मामाच्या नावावर आहे असं आई म्हणाली होती, त्याचा उतारा काढून खात्री करून घे. बसत असशील तर जास्तीत जास्त १ लाख ८० हजार मिळतात, पाच वार्षिक हप्त्यांत. कर्ज मात्र २५ लाखांच्या आत हवं. २७ लाख घेतलंस की त्यातून बाहेर पडलीस. म्हणजे स्वतःचे दोन लाख जास्त घातलेस तर जवळजवळ तेवढेच परत येतात, आणि हप्ता २१ हजार ६९६ वर येतो. पगाराच्या चाळीस टक्क्यांच्या आसपास. एवढा झेपेल.

पण त्यासाठी पावणेआठ लाख लागतील, आणि वर घरात राहायला गेल्यावर लागणारे निदान साठ हजार वेगळे. तुला अजून चार लाखांची भर घालायची आहे. महिना वीस हजार बाजूला टाकलेस तर वीस महिने. आज अकरा हजार भाडं देतेस, त्यावर हे वीस. जमलं तर उद्याचा हप्ता जमणार. जमलं नाही तर तेही आत्ताच कळेल, कर्ज डोक्यावर नसताना. तोवर हा फ्लॅट जाईल, मला माहीत आहे. गुलमोहरही जाईल. वाईट वाटेल तुला. पण चिंचवड, थेरगाव, चिखली या बाजूला जुने वन बीएचके सतत विकायला येतात गं, आणि तेव्हा तू एजंटसमोर निम्म्या तयारीने बसणार नाहीस.

घर झालं की पहिली गोष्ट, सुताराला बोलवू नकोस. एक पावसाळा तशीच राहा. गादी जमिनीवर, कपडे स्टीलच्या कपाटात, भिंती उघड्या. जून ते सप्टेंबर भिंती बघत जा. कुठे पोपडे येतात, कुठल्या खिडकीच्या सज्जाखालून पाणी शिरतं, कुठला कोपरा दुपारीसुद्धा गार लागतो, त्या जागांवर पेन्सिलीने तारीख लिही. दिवाळीत ती भिंत तुला सगळं सांगेल.

पहिले पैसे पाण्यासाठी. बाथरूमच्या फरशा काढाव्या लागल्या तर जुना कोबा पूर्ण काढायला सांग, वरच्यावर लादी बसवू देऊ नकोस. वॉटरप्रूफिंग झालं की नहाणी ट्रॅप (पाणी जायची जाळी) बंद करून पूर्ण एक दिवस, जमल्यास दोन, पाणी भरून ठेवायचं आणि खालच्यांच्या घरी जाऊन छत बघायचं. गवंडी म्हणेल, 'काही होत नाही मॅडम.' तरी भरून ठेव. पैशांचा शेवटचा तिसरा भाग त्या चाचणीनंतरच दे. जुने जीआय (लोखंडी) पाइप असतील तर भिंत फोडलेली असतानाच बदलून घे, पुन्हा फोडायला दुप्पट लागतं.

दुसरे पैसे विजेसाठी. त्या काळच्या कितीतरी घरांत सॉकेटला तिसरं भोक असतं पण मागे अर्थिंगची तारच नसते. गिझरला वेगळी जाड लाइन घे, आणि मेन बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे शॉक बसू लागला की वीज आपोआप तोडणारा स्विच, बसव. तू एकटी राहणार, ओल्या हाताने गिझरचं बटण लावणार. इथे काटकसर नको.

ओटा, रंग, पडदे हे त्यानंतर. रंग पावसाळा संपून भिंत वाळल्यावरच. हॉल मोठा करायला भिंत काढायची असेल तर आधी सोसायटीला पत्र दे आणि अभियंत्याला दाखव. कॉलम-बीमला छिन्नी लागू देऊ नकोस, कितीही हौस असली तरी. पैसे कमी पडले तर वैयक्तिक कर्जाकडे जाऊ नकोस. वर्षभर हप्ते वेळेवर गेले की बँका सहसा गृहकर्जावर टॉप-अप, म्हणजे वाढीव कर्ज, देतात, त्याचं व्याज बरंच कमी असतं. आणि बोनस आला की आधी मुद्दलात भर. २५ लाखांच्या पहिल्या हप्त्यात १७ हजार ७०८ नुसतं व्याज असतं, मुद्दल चार हजारांच्याही खाली. बदलत्या दराच्या गृहकर्जावर मुदतीआधी फेडीचा दंड लागत नाही, त्याचा फायदा घे.

रविवारी ये. पगाराच्या तीन स्लिपा, पीएफचं पासबुक आणि तो एजंटने दिलेला कच्चा करारनामा घेऊन ये. मी पाटीवर हिशेब मांडून ठेवते. आईलाही आण. बांगड्यांचं मी तिच्याशी बोलते.

तुझी,
मावशी