डॅलसला येताय, घर-गाडीचा इन्शुरन्स एकत्र घ्यावा का: माझं जरा लांबलेलं उत्तर

तुम्ही विचारलंय की ऑक्टोबरमध्ये मिस्टरांच्या एच-१ या नोकरीच्या व्हिसावर डॅलसला येताय, सोबत नऊ वर्षांची मुलगी, आणि त्यांच्या ऑफिसातले सगळे सांगतायत की घराचा आणि गाडीचा इन्शुरन्स एकाच कंपनीकडून घ्या, बंडल करा, भरपूर पैसे वाचतात. ते खरं का, असं विचारलंत. आणि शेवटी लिहिलंत की तुम्ही एच-४ वर, म्हणजे जोडीदाराच्या व्हिसावर असणार, नोकरी करता येणार नाही, म्हणून हे सगळं कागदांचं काम तुमच्याकडेच येणार. ते शेवटचं वाक्य वाचून मी उत्तर लिहायला बसले.

व्हिसा, एसएसएन (सोशल सिक्युरिटी नंबर), लायसन्सचं सगळं सरकारी साइटवर आहे, ते मी लिहीत नाही.

पहिलं म्हणजे तुम्ही सुरुवातीला भाड्याने राहणार, त्यामुळे घराचा इन्शुरन्स तुम्हाला लागणारच नाही, लागेल तो रेंटर्स इन्शुरन्स, म्हणजे भाडेकरूचा. बहुतेक अपार्टमेंटवाले तो असल्याशिवाय किल्ली देत नाहीत. हा मात्र डोळे मिटून गाडीबरोबर बंडल करा. आम्ही २०१३ मध्ये आलो तेव्हा रेंटर्सचे महिन्याला १६ डॉलर होते आणि तो घेतल्यामुळे गाडीचा हप्ता १४ डॉलरने कमी झाला, म्हणजे जवळपास फुकटच पडला. गाडीचा हप्ता मात्र पहिल्या वर्षी बघून पोटात गोळा येईल. मिस्टरांनी भारतात बारा वर्षं गाडी चालवली होती, नो क्लेम बोनसचं पत्र आम्ही फाइलमध्ये जपून आणलं होतं, एजंटने ते बघितलं आणि हसून परत दिलं. टेक्ससमध्ये कंपन्या क्रेडिट हिस्टरी, म्हणजे उधारी कशी फेडली त्याची नोंद, ती पण बघतात, आणि नव्या माणसाची ती कोरी असते, म्हणून आपण त्यांच्या लेखी कालच गाडी शिकलेले. स्वस्त पडावं म्हणून टेक्ससचं किमान कव्हरेज, ३०/६०/२५ म्हणतात ते, तेवढंच घेऊन थांबू नका. त्यातले २५ म्हणजे समोरच्याच्या गाडीच्या किंवा मालमत्तेच्या नुकसानीचे फक्त २५ हजार डॉलर, आणि रस्त्यावर बघाल तर त्याहून महागड्या गाड्या किती फिरतायत. पुढचे पैसे आपल्या खिशातून. अनइन्शुअर्ड मोटरिस्ट (धडक देणाऱ्याकडे विमाच नसेल तेव्हासाठी) आणि पीआयपी (चूक कोणाचीही असो, आपल्या उपचारांच्या खर्चासाठी) हे दोन्ही इथे नको असेल तर लेखी नकार द्यावा लागतो, म्हणजे हप्ता कमी दाखवायला एजंटने सही करायला दिलेल्या कागदांत तो नकार असू शकतो. वाचून सही करा.

आता घराचं. आम्ही घर घेतलं २०१६ मध्ये, आणि खरं सांगायचं तर शाळेसाठी घेतलं. मुलगा आठ वर्षांचा असताना आलो, नाशिकला इंग्लिश मीडियममध्ये होता, पहिल्या तिघांत यायचा. इथे शाळेत नाव घालताना एक फॉर्म असतो, घरी कोणती भाषा बोलता म्हणून. मी अभिमानाने मराठी लिहिलं. त्यावरून त्याची इंग्रजीची टेस्ट झाली, नव्या जागी बावरलेला होता, बोललाच नाही, आणि त्याला ईएसएलमध्ये, म्हणजे इंग्रजी कच्चं असलेल्या मुलांच्या वर्गात टाकलं. एक कागद घरी आला, मी सही केली. वर्षभर रोज रीडिंगच्या तासाला त्याला वर्गातून उठवून दुसऱ्या खोलीत न्यायचे. पालक याला नकार देऊ शकतात, त्या कागदावर तो रकाना होता, हे मला दोन वर्षांनी कळलं. एकदा शाळेच्या पार्किंगमध्ये मी त्याला हाक मारून डबा संपवलास का विचारलं, तर जवळ येऊन हळूच म्हणाला, आई इथे मराठी नको बोलूस, ते परत त्या खोलीत बसवतील. आज तो कॉलेजात आहे, छान चाललंय, पण मराठीत विचारलं तरी इंग्रजीत उत्तर देतो आणि दर वेळी मला तो कागद दिसतो. ज्या मुलाला खरंच इंग्रजी येत नाही त्याला तो वर्ग उपयोगी पडतो, हे मी मान्य करते. माझ्या मुलाला त्याची गरज नव्हती.

तर त्या शाळेतून काढायचं म्हणून दुसऱ्या डिस्ट्रिक्टमध्ये, म्हणजे दुसऱ्या शाळांच्या हद्दीत घर घेतलं आणि त्या घाईत इन्शुरन्स घेतला. क्लोजिंगच्या, म्हणजे घर नावावर होण्याच्या आधी लोनवाले घराच्या पॉलिसीसाठी मागे लागतात, तेव्हा आठवडाभर बसून तुलना करण्याएवढा वेळ नसतो. गाडी जिथे होती तिथेच घर टाकलं आणि एजंटने कागदावर गोल करून दाखवलं, मल्टी-पॉलिसी डिस्काउंट, दोन्ही मिळून वर्षाला ४१२ डॉलर. तेव्हाच्या भावाने साडेसत्तावीस हजार रुपये.

मी नाशिकला एका सहकारी बँकेत अकरा वर्षं काम केलेली बाई. इथे येऊन तीन वर्षं माझ्या नावावर एक पैसा जमा झाला नव्हता, मिस्टर कधी काही बोलले नाहीत पण भाजी घेताना सुद्धा मी दोनदा विचार करायचे. त्या रात्री मी डायरीत तारीख घालून ४१२ लिहिलं. पुढच्या वर्षी परत लिहिलं. ते माझे पैसे होते, मी वाचवलेले. २०१८ मध्ये माझं ईएडी, म्हणजे नोकरीचं परमिट आलं, नोकरी लागली, तरी तो आकडा मी डायरीत लिहीतच होते.

त्याच वर्षी मिस्टरांच्या मित्राने एका इंडिपेंडंट एजंटकडून आम्हाला कोट, म्हणजे हप्ता किती पडेल त्याचा कागद, काढून दिलं. आमच्या एजंटकडे एकाच कंपनीच्या पॉलिसी असायच्या, इंडिपेंडंटवाल्याकडे अनेक कंपन्यांच्या असतात. त्याने घर एका कंपनीकडे आणि गाडी दुसरीकडे असं दिलं होतं, वर्षाला ३०० डॉलर जास्त. घराला गारा-वाऱ्याचं डिडक्टिबल, म्हणजे क्लेममध्ये आधी आपण भरायचा वाटा, १ टक्का होतं, आमचं २ टक्के, आणि छपराला पूर्ण नव्याची किंमत, घसारा न कापता. मिस्टर म्हणाले एकदा नीट बघ. मी चिडले. म्हटलं, इतकी वर्षं मी बंडल सांभाळून पैसे वाचवतेय आणि तुम्हाला ते दिसत नाही का. कोटचं दुसरं पान मी उघडलं सुद्धा नाही.

२०२१ च्या एप्रिलमध्ये संध्याकाळी लिंबाएवढ्या गारा पडल्या. डॅलसच्या बाजूला हे दर वसंतात कुठे ना कुठे होतंच. वीस मिनिटांत छपराची शिंगल्स गेली, अंगणातली गाडी टपापासून बॉनेटपर्यंत चेचली. दुसऱ्या दिवशी सकाळपासून छपरंवाले दार वाजवायला लागले, डिडक्टिबलचं आम्ही बघून घेतो म्हणत. तुमच्याकडे असं कोणी आलं तर दार लावून घ्या, २०१९ पासून टेक्ससमध्ये डिडक्टिबल माफ करणं बेकायदा आहे.

अ‍ॅडजस्टर म्हणजे कंपनीचा नुकसान मोजणारा माणूस आला, शिडी लावून वर गेला, खडूने गोल करून फोटो काढले. नवं छप्पर १४,६०० डॉलर. आणि मग त्याने मला सांगितलं की तुमच्या पॉलिसीत छप्पर अ‍ॅक्चुअल कॅश व्हॅल्यूवर आहे, म्हणजे जुनं झालं तेवढे पैसे कापून. घर घेताना तसं नव्हतं. मधल्या एका रिन्यूअलच्या लखोट्यात बदलाची नोटीस आली होती, मी लखोटा फाइलला लावला होता, वाचला नव्हता. घसाऱ्याचे ६,१०० गेले. राहिले ८,५००. त्यातून डिडक्टिबल, आणि ते २ टक्के नुकसानीचे नसतात बरं का, घराच्या विम्याच्या रकमेचे असतात, आमची ३ लाख ४० हजार, म्हणजे ६,८००. हातात चेक आला १,७०० चा. १२,९०० आम्ही घातले. त्या दुसऱ्या कोटवर ३,४०० लागले असते. पाच वर्षांत मी डायरीत लिहिलेले सगळे मिळून २,०६० होते.

मिस्टर काही म्हणाले नाहीत. मला वाटतं बोलले असते तर बरं झालं असतं.

गाडीचं डिडक्टिबल वेगळं ५०० लागलं. काही कंपन्यांच्या बंडलमध्ये असं असतं की एकाच वादळात घर आणि गाडी दोन्ही गेलं तर एकच डिडक्टिबल. माझ्या मते बंडलचा सगळ्यात मोठा फायदा हा आहे, आणि तो आमच्यात नव्हता, कारण मी विचारलंच नव्हतं. तुम्ही विचारा. हे पण विचारा की घराची पॉलिसी खरंच त्याच कंपनीची आहे का, कारण काही जण गाडी स्वतःची देतात आणि घर दुसऱ्याच कंपनीचं आपल्या नावाखाली विकतात, मग क्लेमच्या वेळी दोन फोन, दोन माणसं. आणि कोट मागताना कायम तीन आकडे मागा: एकत्र, फक्त घर, फक्त गाडी. डिस्काउंट किती टक्के हे ऐकूच नका, तीच कव्हरेज आणि तेच डिडक्टिबल ठेवून वर्षाचे एकूण किती ते विचारा.

कंपनी बदलली तो ताप वेगळाच. नवी पॉलिसी चालू झाल्याशिवाय जुनी बंद करायची नाही, एक दिवसाची पण फट नको, नाहीतर लोनवाले स्वतःच्या मर्जीने इन्शुरन्स लावतात आणि तो भयंकर महाग असतो. घराचा हप्ता एस्क्रोमधून, म्हणजे लोनवाल्यांकडच्या खात्यातून जातो, म्हणून लोनवाल्यांना नवी पॉलिसी कळवावी लागते. मी कळवली, फॅक्सही केला, तरी त्यांनी पैसे जुन्याच कंपनीला पाठवले. जुनी म्हणते रिफंड पाठवला, लोनवाले म्हणतात मिळाला नाही, नवी म्हणते हप्ता थकलाय. तीन महिने मी लंच ब्रेकमध्ये पार्किंगमध्ये गाडीत बसून फोन करत होते. प्रत्येक कॉलला नाव, वेळ आणि काय बोलले ते लिहून ठेवा, शेवटी त्या वहीनेच काम झालं.

दागिन्यांचं कोणी सांगणार नाही म्हणून लिहिते. घरातून चोरी झाली तर साध्या पॉलिसीत दागिन्यांना बहुतेक १,५०० डॉलरची मर्यादा असते, सगळे मिळून. सासूबाईंच्या पाटल्या आणि मंगळसूत्र आणणार असाल तर किंमत काढून घेऊन ते वेगळे लिहून घ्यावे लागतात, थोडा हप्ता वाढतो. मी अर्धे आईकडे ठेवलेत. पुराचं नुकसान पण घराच्या पॉलिसीत नसतं, ते वेगळं घ्यावं लागतं आणि सरकारी योजनेतून घेतलं तर साधारण ३० दिवसांनी लागू होतं, ढग दिसल्यावर घेऊन उपयोग नाही.

एकटेपणाचं विचारलंत. होतो. सवय होते. गणपतीत मंडळात जा, ओळखी होतील. बाकी त्यावर मला फार लिहायचं नाही. फक्त एवढंच, की त्या आमच्या पहिल्या एजंट बाईने माझं नाव नीट म्हणायला शिकून घेतलं होतं, मुलाच्या वाढदिवसाला कार्ड पाठवायची, आणि सोडून जायचं ठरलं तेव्हा तिला फोन करायला मला चार दिवस लागले. इतकी वर्षं कंपनी न बदलण्यात डिस्काउंट किती आणि ती किती, हे मला आजही नीट सांगता येणार नाही.

आज आमचं परत बंडलच आहे, दुसऱ्या कंपनीकडे. कंपनी बदलली त्याच वर्षी मुलगा सोळाचा झाला, त्याचं नाव घातल्यावर गाडीचा हप्ता एवढा वाढला की तिथे डिस्काउंटचा खरंच फरक पडला, चांगल्या मार्कांचा पण वेगळा मिळाला. पण या वेळी १ टक्का डिडक्टिबल, छपराला पूर्ण किंमत, आणि दर रिन्यूअलला मी आणि मिस्टर जेवणाच्या टेबलावर जुनी आणि नवी डिक्लेरेशन पेजेस, म्हणजे पॉलिसीचा गोषवारा असलेली पानं, शेजारी ठेवून ओळीवर बोट फिरवत वाचतो. एक तास जातो.

तुम्हाला पहिलं कोट आलं की ते पान मला पाठवा, मी बघून सांगते. आणि मुलीच्या शाळेचा तो भाषेचा फॉर्म भराल ना, तेव्हा सही करायच्या आधी मला मेसेज करा, कितीही वाजलेले असू देत.