वाचकांचे प्रश्न : कोपराची बिजागरी, गुडघ्याची वाटी आणि बोटं मोडणं

गेल्या दोन महिन्यांत सांध्यांबद्दल इतके प्रश्न आलेत की यावेळचं सदर सगळं त्यांनाच देतेय. मी फिजिओथेरपिस्ट आहे, त्यामुळे रोज जे पेशंट बघते त्यातूनच उत्तरं देते.

प्रश्न : मुलगी सहावीत आहे. कोपर हा बिजागरीचा सांधा, तो एकाच दिशेने हलतो असं ती शिकली. मग मी तळहात उलटा-सुलटा कसा करते असं विचारतेय, मला काही सांगता आलं नाही. (एक आई, सांगली)

ताई, मुलीची शंका बरोबर आहे आणि ती जे शिकली तेही बरोबर आहे. कोपरात दंडाचं एक आणि त्याखालची दोन अशी तीन हाडं एकत्र येतात. दंडाचं हाड आणि करंगळीच्या बाजूचं हाड यांच्यात बिजागरी आहे, तिथे हात फक्त वाकतो आणि सरळ होतो. पण अंगठ्याच्या बाजूचं जे हाड आहे ना, त्याचं वरचं टोक गोल चकतीसारखं असतं आणि ते लिगामेंटच्या, म्हणजे हाडं बांधून ठेवणाऱ्या चिवट पट्ट्याच्या, एका कड्यात बसलेलं असतं, त्या कड्यात ते जागच्या जागी फिरतं. तळहात वर असला की दोन्ही हाडं शेजारी-शेजारी, पालथा केला की अंगठ्याकडचं हाड दुसऱ्यावर तिरकं जातं. तिला म्हणावं कोपर टेबलावर टेकव, दुसऱ्या हाताने कोपराचं टोक धर आणि तळहात फिरव. टोक जागचं हलणार नाही, मनगट फिरेल.

मनगटाचं प्लास्टर निघाल्यावर पेशंट सांगतात की मूठ वळते पण तीर्थ घ्यायला हात पुढे करता येत नाही, तेव्हा हीच फिरण्याची हालचाल आखडलेली असते. बिजागरीला काही झालेलं नसतं.

आणि तिला मानेचंही सांगा, मुलांना ते फार आवडतं. मानेचा पहिला मणका नुसतं कडं आहे आणि दुसऱ्या मणक्याचं दातासारखं टोक त्या कड्यात शिरलेलं असतं. आपण 'नाही' म्हणतो ते तिथे, मान जितकी वळते त्यातलं जवळपास निम्मं वळणं या एका जोडीचं. 'हो' म्हणतो ते त्याच्या वर, कवटी आणि पहिला मणका यांच्यामध्ये.

प्रश्न : वय ५९. गुडघ्याचा एक्स-रे बघून सांगितलं की गॅप कमी झालाय. शेजारी म्हणतात वंगण संपलं, वाटी झिजली, आता चालणं बंद करा. मी रोज देवळात चालत जाते, ते सोडू का? (एक काकू, कराड)

काकू, देवळात जाणं सोडू नका, हे आधीच सांगते.

आता वाटी. वाटी म्हणजे गुडघ्यापुढे हाताला लागतं ते सुटं हाड. झिजतं ते हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत पांढरं आवरण, त्याला कुर्चा किंवा कार्टिलेज म्हणतात. ते मांडीच्या हाडाच्या टोकाला असतं, नडगीच्या माथ्यावर असतं आणि वाटीच्या आतल्या बाजूलाही असतं. एक्स-रेत कार्टिलेज दिसतच नाही, हाडं तेवढी दिसतात, म्हणून दोन हाडांमधली जी मोकळी जागा दिसते तिलाच गॅप म्हणतात. जागा कमी म्हणजे मधलं आवरण पातळ झालंय. हा एक्स-रे उभं राहून काढलेला हवा, झोपून काढला तर गुडघ्यावर भार नसतो आणि गॅप आहे त्यापेक्षा चांगला दिसू शकतो.

राहिलं वंगण. ते सांध्याच्या आतल्या पातळ अस्तरातून झिरपतं, अंड्याच्या पांढऱ्यासारखं चिकट असतं आणि निरोगी गुडघ्यात चमचाभरही नसतं. ते गाडीच्या ऑइलसारखं संपत नाही, अस्तर ते कायम बनवत असतं, उलट झीज झालेल्या गुडघ्याला सूज येते तेव्हा आत पाणी जास्तच झालेलं असतं. आणि ज्यासाठी मी एवढं लिहितेय ते हे, की कार्टिलेजला रक्तवाहिन्या नाहीत. त्याला खायला मिळतं ते याच द्रवातून, आणि तेही दाबल्यावर आणि सोडल्यावर, स्पंज पिळून पाण्यात सोडला की पाणी शोषतो तसं. म्हणजे तुम्ही पाऊल टाकलं की दाब, उचललं की शोषण. चालणं पूर्ण बंद केलं तर त्याला अन्नच कमी पोचतं, वर मांडीचे स्नायू बारीक होतात आणि मग सगळा भार सांध्यावर येतो. दुखतंय म्हणून चालणं सोडलेली आणि वर्षभराने खुर्चीतून उठताही न येणारी माणसं मी बघते तेव्हा फार वाईट वाटतं, कारण त्यातलं बरंच टाळता आलं असतं.

तेव्हा सपाट रस्त्याने जा, एकदम लांब पडत असेल तर मध्ये बसा. दुखणं चालताना थोडं वाढलं आणि रात्रीपर्यंत उतरलं तर चालेल, दुसऱ्या दिवशीही वाढलेलंच असेल तर अंतर कमी करा. पाय लांब करून बसा, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा, ती खाली दाबून ५ सेकंद धरा, असं १० वेळा, सकाळ-संध्याकाळ. वजन जास्त असेल तर एक किलो जरी कमी झालं तरी दर पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोने कमी होतो. सध्या मांडी घालून आणि उकिडवं बसणं टाळा, तेव्हा गुडघा पार दुमडतो. वंगणाच्या इंजेक्शनबद्दल विचारतात बरेच जण, काहींना त्याने थोडे महिने बरं वाटतं, पण गेलेलं कार्टिलेज परत येत नाही. गुडघा गरम होऊन सुजला, ताप आला किंवा अडकून सरळच होईना, तर मात्र वाट न बघता डॉक्टरकडे जा.

प्रश्न : बोटं मोडल्याने संधिवात होतो का? आई सारखी ओरडते. (विद्यार्थी, पुणे)

नाही होत. सांधा ताणला की आतला दाब एकदम कमी होतो आणि द्रवात वायूची पोकळी तयार होते, आवाज तेव्हाचा. २०१५ मध्ये कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठातल्या संशोधकांनी बोट मोडताना एमआरआयने हे चित्रित केलं. म्हणून तेच बोट लगेच परत वाजत नाही, साधारण २० मिनिटं जावी लागतात. डोनाल्ड उंगर नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी ५० वर्षं फक्त डाव्या हाताची बोटं मोडली, उजव्याची नाही, आणि १९९८ मध्ये कळवलं की दोन्ही हात सारखेच आहेत. एकाच माणसाचा प्रयोग आहे, पण इतर अभ्यासांतही बोटं मोडण्याचा संधिवाताशी संबंध दिसलेला नाही. आवाजाबरोबर दुखत असेल किंवा सूज असेल तर दाखवून घे.

प्रश्न : नातू अडीच वर्षांचा. रस्ता ओलांडताना हात धरून उचलला, तेव्हापासून हात हलवेना. दवाखान्यात एका मिनिटात बरा झाला. माझ्याकडून काय चुकलं? (एक आजोबा, नाशिक)

आजोबा, मनाला लावून घेऊ नका, हे खूप घरांत होतं. वर सांगलीच्या ताईंना कोपरातलं ते कडं सांगितलं ना, लहान मुलांमध्ये ते सैल असतं. मनगट धरून वर ओढलं की हाडाची चकती त्यातून थोडी निसटते आणि कडं मध्ये अडकतं. एक ते चार वर्षांच्या मुलांत हे जास्त दिसतं, पाचनंतर कडं घट्ट झालं की क्वचितच. मूल हात थोडा वाकवून अंगाशी धरून ठेवतं, सूज नसते. डॉक्टर हात एका ठराविक पद्धतीने फिरवून बसवतात आणि थोड्या वेळात मूल खेळायला लागतं, पण घरी कुणीही हे करू नये, कारण फ्रॅक्चरही असू शकतं. एकदा झालं की परत होऊ शकतं, म्हणून आता त्याला उचलताना दोन्ही हात त्याच्या काखेत घाला, दोन्ही हात धरून झोका देणं घरातल्या सगळ्यांनी बंद करा, आणि शर्टाच्या बाहीतून हात ओढून काढू नका, बाही ओढा.