कोलकात्यात नोकरी आणि घर श्रीरामपूरला: जमेल का?

तुमची बदली कोलकात्याला झालीय, शहरातली भाडी झेपत नाहीत, कुणीतरी हुगळी जिल्ह्यातलं श्रीरामपूर सुचवलंय आणि घरात कुणालाच बंगाली येत नाही, असा तुमचा प्रश्न आहे. (नगर जिल्ह्यातलं श्रीरामपूर वेगळं, हे इतर वाचकांसाठी.) आम्ही तिथे काही वर्षं भाड्याने राहिलो, म्हणून लिहिते. खुशाल घ्या तिथे घर. फक्त कोलकात्याला कामाला जाऊन रात्री पाठ टेकायची जागा म्हणून त्या गावाकडे बघू नका. तसं राहणारे लोक वर्षभरात कंटाळून परत शहरात जातात, आणि गाव त्यांना कळलेलंच नसतं.

आधी प्रवासाचं. हावड्याहून श्रीरामपूर 20 किलोमीटर, लोकलने अर्धा-पाऊण तास. बंडेल, शेवडाफुली, तारकेश्वर, बर्धमान मेन अशा बऱ्याच गाड्या इथे थांबतात. काही स्टेशनं गाळत जाणाऱ्या गाडीला तिथे ‘गॅलपिंग’ म्हणतात, तिच्या वेळा पाठ करून टाका. ऑफिस डलहौसी भागात असेल तर हावड्याला उतरून लॉन्चने नदी ओलांडायची. सॉल्ट लेकच्या सेक्टर फाइव्हला असेल तर पूर्वी हाल व्हायचे, पण 2025च्या ऑगस्टपासून हावड्याहून नदीखालून जाणारी मेट्रो थेट तिथवर पोचते. आणखी एक वाट नवख्यांना सांगायची राहून जाते: श्रीरामपूरच्या घाटावरून फेरीने पलीकडे बराकपूर, आणि तिथून सियालदहची लोकल. एका बाजूची गाडी बंद पडली की निम्मं गाव घाटाकडे धावतं.

रोज जाणाऱ्यांना तिकडे ‘डेली पॅसेंजर’ म्हणतात आणि त्यांचं एक जगच असतं. डबा ठरलेला, दार ठरलेलं, जागा ठरलेली. चौघांच्या गुडघ्यांवर एक बॅग आडवी टाकली की पत्त्यांचा डाव सुरू. ज्याला आधी उतरायचं असतं तो आपले पत्ते उभ्या असलेल्याच्या हातात देतो आणि डाव न थांबता पुढे जातो. पहिले काही आठवडे तुम्हाला कुणी सरकूनही जागा देणार नाही. मग एक दिवस विचारतील, दादा कुठे उतरणार? त्या दिवसापासून तुमची जागाही ठरली. श्रावणात मात्र सांभाळा. तारकेश्वरला जल वाहायला जाणारे कावडिये शेवडाफुलीच्या बाजूने निघतात, तेव्हा त्या लाइनीवर पाय ठेवायला जागा नसते. चंदननगरच्या जगद्धात्री पूजेच्या दिवसांतही तेच.

आता गाव. 1755 ते 1845 हे डेन्मार्कच्या ताब्यात होतं, नाव होतं फ्रेडरिक्सनगर. कोलकाता इंग्रजांचं, आणि काही कोसांवरचं हे गाव दुसऱ्याच राजाचं. एवढ्या एका गोष्टीमुळे तिथे जे घडलं ते कोलकात्यात घडू शकलं नाही. कंपनी सरकारला आपल्या मुलखात मिशनरी नको होते, म्हणून विल्यम केरी हा इंग्रज मिशनरी 1800 साली इथे आला, मार्शमन आणि वॉर्ड यांच्यासोबत छापखाना काढला. टाइप पाडायला हुगळी जिल्ह्यातल्याच त्रिवेणी गावचा पंचानन कर्मकार होता. बंगाली माणूस केरीचं नाव सहज घेतो, पंचाननचं जरा आठवून घेतो, आणि मला ते फार खटकतं. बंगाली आणि नागरी अक्षरं लोखंडावर उलटी कोरून त्यांचे ठसे बनवणारे हात त्याचे होते. त्याच्यामागे त्याचा जावई मनोहर याने ते काम चालवलं.

हे सगळं तुम्हाला कशाला सांगतेय? कारण याच छापखान्यातून 1805 साली मराठीचं व्याकरण निघालं आणि 1810 साली मराठी-इंग्रजी कोश. केरी कोलकात्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात मराठीही शिकवायचा आणि वैजनाथ नावाचे पंडित त्याच्या हाताशी होते. कोशातले मराठी शब्द मोडीत छापलेले आहेत. पुण्या-मुंबईत मराठी छपाईचा जम बसण्याआधी आपल्या भाषेचे खिळे हुगळीच्या काठावर जुळवले जात होते. मार्च 1812 मध्ये तो छापखाना जळाला. कागद, हस्तलिखितं, तयार टाइप, सगळं गेलं. पण छपाईची यंत्रं बाहेर काढता आली, ढिगाऱ्यात मूळ ठसे शाबूत सापडले आणि वितळलेल्या धातूतूनच नवे टाइप ओतून काम परत सुरू झालं. 1818 मध्ये तिथूनच ‘समाचार दर्पण’ हे बंगाली साप्ताहिक निघालं, आणि त्याच वर्षी नदीकाठी कॉलेज उभं राहिलं. कॉलेज आजही चालू आहे, आवारात केरीच्या नावाचं ग्रंथालय आणि संग्रहालय आहे. मराठी माणसाने तिथे एकदा तरी जावंच असं मला मनापासून वाटतं. जवळच सेंट ओलाव्ह चर्च आहे, 1806चं. कपाळावर डेन्मार्कच्या राजाची अक्षरमुद्रा अजून आहे. ते मोडकळीला आलं होतं. आता इतकं छान दुरुस्त केलंय की 2016 मध्ये त्या कामाला युनेस्कोचा पुरस्कार मिळाला.

भाषेची काळजी तुम्ही करताय त्याहून कमी करा. नदीकाठी ज्यूटच्या गिरण्या आहेत. देशातली पहिली ज्यूट गिरणी शेजारच्या रिषड्यात 1855 साली सुरू झाली. बिहार-उत्तर प्रदेशातून आलेली कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या तिथे आहेत, त्यामुळे टिन बाजारात हिंदीत भाजी, मासे, टोटोचं म्हणजे ई-रिक्षाचं भाडं सगळं निभतं. पण पाड्यात, म्हणजे आपल्या गल्ली-मोहल्ल्यात, निभत नाही. शेजारच्या माशीमा (मावशी) हिंदीत उत्तर देतील, चहाही देतील, गप्पा मात्र बंगालीत बोलायला लागल्यावरच सुरू होतील. मोडकं-तोडकं बोला, कुणी हसत नाही, उलट शब्द पुरवतात. क्रियापदाला लिंग नाही, निम्मे शब्द ओळखीचे, आणि सगळ्यांना ‘आपनि’ म्हटलं की चूक होत नाही. लिपीही जाताना शिकूनच घ्या, दुकानांच्या पाट्यांसाठी. कुणी तुम्हाला मराठी म्हणून बर्गींची, म्हणजे लुटीला आलेल्या मराठा घोडेस्वारांची, आठवण करून देईल. नागपूरकर भोसल्यांच्या 1740च्या दशकातल्या स्वाऱ्यांचा धाक तिथल्या अंगाईत अजून आहे. त्यावर वाद घालू नका. गावं जळाली होती, हे खरं आहे.

आषाढात माहेशचा रथ निघतो. माहेश म्हणजे गावाची दक्षिण बाजू, आणि तिथली रथयात्रा परंपरेने 1396 पासूनची मानतात. आत्ताचा रथ 1885चा, लोखंडी, चार मजली, सुमारे 50 फूट उंच आणि 125 टन वजनाचा. जी.टी. रोडवर एवढं धूड हलतं कसं, हे बघायलाच हवं. आधी दोर ताणला जातो, गर्दीचा आवाज चढतो, तरी काही क्षण काहीच हलत नाही. मग चाकं करकरतात आणि पुढची माणसं धावत बाजूला होतात. जत्रेत पापडभाजा आणि जिलिपी खाल्ल्याशिवाय कुणी घरी येत नाही. आपल्याकडे तेव्हा वारीचे दिवस असतात, घरची आठवण येते, पण त्या गर्दीत एकटं वाटत नाही.

घर बघताना तळमजला शक्यतो टाळा. पावसाळ्यात काही गल्ल्यांत पाणी साचतं, म्हणून घर नक्की करण्याआधी समोरच्या दुकानदाराला विचारा, मालकाला नको. जुने वाडे पाडून ‘प्रोमोटर’ लोक फ्लॅट बांधतायत, तसा फ्लॅट सहज मिळेल. जुन्या घराचा वरचा मजला मिळाला तर तो आधी बघा: हवा येते, आणि घरमालकिणीचा आधार असतो. स्टेशन आणि नदी दोन्हीकडे पायी जाता येईल अशी जागा बटतलाच्या आसपास शोधा. चातऱ्याकडे जरा शांत आहे. तिथल्या साड्या छापणाऱ्या कारखान्यांत लांबच लांब टेबलांवर रेशीम ताणून दोघं कारागीर चौकट उचलत, टेकवत, रंग ओढत पुढे सरकताना दिसतात. मुलांना ते दाखवाच.

शाळेत मुलांना दुसरी भाषा कोणती घेता येईल, हे प्रवेशाआधी विचारून घ्या. ऑफिस नेमकं कुठे आहे तेवढं खाली लिहा, म्हणजे हावड्याची वाट बरी की बराकपूरची, ते सांगते.