मुलीला चष्मा लागला, आता हवाई दलात अधिकारी होता येईल का?

तुमची मुलगी बारावी सायन्सला आहे, तिला विमानांचं वेड आहे आणि यंदा मायनस नंबर निघाला, तर हवाई दलाचा नाद सोडावा का, असं तुम्ही विचारलंय. लगेच सोडू नका. मी स्वतः चष्मेवाला. एरोनॉटिकल इंजिनिअरिंग ब्रांचमधून विंग कमांडर म्हणून निवृत्त झालो.

एनडीएतून (खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी) फ्लाइंगला म्हणजे पायलट व्हायला जायचं असेल तर मायनस नंबर चालत नाही, तो रस्ता बंदच समजा. पण ग्राउंड ड्युटीत, म्हणजे जमिनीवरच्या कामांत, टेक्निकल, लॉजिस्टिक्स, अकाउंट्स, हवामान, प्रशासन असं बरंच काही आहे. तिथेही नंबराला मर्यादा असते आणि ती ब्रांचप्रमाणे बदलते. त्यामुळे कुणाच्या सांगण्यावर जाऊ नका. जाहिरातीतले वैद्यकीय निकष घेऊन सरळ नेत्रतज्ज्ञांकडे जा.

आता टेक्निकलवाले करतात काय? विमान उडण्यालायक आहे की नाही, हे ठरवतात. प्रत्येक विमानाचा फॉर्म ७०० असतो. कोणतं काम झालं, कुणी केलं, कुणी तपासलं, सगळं त्यात सहीनिशी. पायलट त्या सह्या बघून सही करतो आणि कॉकपिटमध्ये चढतो. आमच्याकडे हत्यारांच्या बोर्डवर प्रत्येक पान्याला त्याच्या आकाराची खाच असायची. काम संपलं की खाचा मोजायच्या. राजस्थानातल्या एका तळावर रात्री एक छोटा स्क्रूड्रायव्हर कमी भरला. विमान थांबवलं, पॅनेल पुन्हा उघडली, सगळे टॉर्च घेऊन शोधत बसलो. पहाटे तो एका पाइपामागे सापडला. कुणी आरडाओरडा केला नाही, कारण ज्या कॉर्पोरलच्या हातून तो राहून गेला होता, त्यानंच येऊन तो कमी असल्याचं सांगितलं होतं. अशी सवय असलेली माणसं तयार करणं, हे तिथल्या अधिकाऱ्याचं अर्धं काम.

सुरुवातीला अवघड जातं. बाविशीतल्या फ्लाइंग ऑफिसरला (हे पदाचं नाव, पायलट असं नव्हे) 'सर' म्हणणाऱ्या, हाताखालच्या अनुभवी वॉरंट ऑफिसरचे केस त्याच विमानावर पांढरे झालेले असतात. त्यांना विचारायला लाजणारा अधिकारी तिथे फार पुढे जात नाही.

रस्ते मुख्यतः दोन. बारावीनंतर यूपीएससीची एनडीए परीक्षा, फिजिक्स-मॅथ्स हवंच. २०२२ पासून खडकवासल्याला मुलीही आहेत, आणि हवाई दलाच्या जागांत थोड्या ग्राउंड ड्युटीच्याही असतात. नाहीतर आधी इंजिनिअरिंग करून एएफकॅट, म्हणजे हवाई दलाची स्वतःची प्रवेश परीक्षा, ती वर्षातून दोनदा होते. लेखीनंतर एसएसबीचे, म्हणजे निवड मंडळाच्या मुलाखती-चाचण्यांचे, पाच दिवस असतात. क्लासवाल्यांनी पाठ करून घेतलेली उत्तरं तिथे लगेच उघडी पडतात, त्यावर पैसे घालवू नका. एएफकॅटनं निवड झाली तर प्रशिक्षण हैदराबादजवळच्या दुंडीगलला सुरू होतं आणि टेक्निकलवाले पुढे बंगळुरूच्या जालहळ्ळीला जातात.

पैशाचं सांगतो, कारण ते तुम्ही विचारलं नसलं तरी मनात असणारच. सातव्या वेतन आयोगात सुरुवातीचं मूळ वेतन ५६,१०० रुपये, शिवाय १५,५०० मिलिटरी सर्व्हिस पे आणि भत्ते. दोन वर्षांनी फ्लाइट लेफ्टनंट, सहा वर्षांनी स्क्वाड्रन लीडर, तेरा वर्षांनी विंग कमांडर. ग्रुप कॅप्टनपासून मात्र निवड होते, तिथे बरेच जण अडकतात.

एएफकॅटमधून मिळतं ते बहुधा शॉर्ट सर्व्हिस कमिशन, म्हणजे ठरावीक वर्षांचीच नोकरी, हे आधीच समजून घ्या. ग्राउंड ड्युटीत १० वर्षं, फार तर आणखी ४. त्यानंतर कायम कमिशन (निवृत्तीपर्यंतची नोकरी) मिळालं नाही तर पस्तिशीच्या आसपास नवी नोकरी शोधायची आणि पेन्शन नाही, कारण त्याला २० वर्षं लागतात. एनडीएतून गेलं तर कायम कमिशन, हा प्रश्नच येत नाही. बारावी सुरू आहे, वय बसतंय, तर यंदाची एनडीए तिला द्यायला लावा.